बडीशेप, डाळिंब आणि सॅफोचा गुलाब: झाडांच्या ग्रीक नावांबद्दल तुमचे प्रश्न

या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न झाडं, फुलं आणि मसाल्यांच्या जुन्या ग्रीक नावांबद्दल आलेत, त्यामुळे एकत्रच घेते. आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती पुढे सारखी लागणार आहे. प्राचीन ग्रीक म्हणजे एकच एक ठरलेली भाषा नव्हती, अथेन्सची ॲटिक, तिच्या जवळची इऑनिक, स्पार्टा-क्रीट-सिसिलीकडची डोरिक, लेस्बॉस-थेसली-बिओशियाकडची इऑलिक, शिवाय आर्केडिया आणि सायप्रसची वेगळीच, अशा बोली होत्या, आणि या सगळ्यांच्या आधीची मायसीनी काळातली ग्रीक मातीच्या पाट्यांवर लिनिअर बी नावाच्या लिपीत सापडते. ती लिपी मायकल व्हेंट्रिसने 1952 साली उलगडली. आपल्याला कोशात जे ग्रीक रूप दिसतं ते बहुतेक वेळा ॲटिक असतं, आणि लोक तिथेच थांबतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, झाडाच्या नावाचं मूळ हवं असेल तर अथेन्स सोडून बाहेर पडा, कारण पुरावा गावोगावच्या रूपांत उरलाय. खाली हे बऱ्याचदा दिसेल.

प्रश्न: दरवर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळतो. ग्रुपवर कुणीतरी टाकलं की मॅरेथॉन म्हणजे बडीशेप. खरंय का हे, की असंच काहीतरी? (दादर)

खरंय. बडीशेपेला ग्रीकमध्ये 'माराथोन', शेवटचा ओ आखूड, आणि गावाचं नावही 'माराथोन'च पण शेवटचा ओ लांब. तो लांब ओ असलेला प्रत्यय ग्रीकमध्ये 'अमुक गोष्ट जिथे भरपूर उगवते ती जागा' अशा अर्थाने लागतो. अथेन्सच्या ईशान्येला समुद्राकाठचं मैदान आहे ते, इ.स.पू. 490 मध्ये पर्शियन सैन्याशी लढाई झाली ती तिथेच, आणि 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये तिथून अथेन्सपर्यंत शर्यत ठेवली म्हणून शर्यतीलाच गावाचं नाव चिकटलं. स्ट्रॅबो नावाचा भूगोलकार स्पेनमधल्या एका मैदानालाही हेच नाव देतो आणि स्पष्ट सांगतो की तिथे बडीशेप खूप उगवते, म्हणजे हे नाव ऐकल्यावर ग्रीक माणसाला त्यातली बडीशेप कळत होती.

पण मला यातली जास्त आवडणारी गोष्ट पुढची आहे. मायसीनीच्या किल्ल्याच्या भिंतीबाहेर काही घरं खणली तेव्हा तिथे इ.स.पू. 13 व्या शतकातल्या पाट्या मिळाल्या, घराला आग लागली म्हणून त्या कच्च्या मातीच्या पाट्या भाजल्या गेल्या आणि टिकल्या. त्यांच्यावर माणसांची नावं आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे किराण्याची यादी, को-रि-या-दो-नो म्हणजे धने, कु-मि-नो म्हणजे जिरं, सा-सा-मा म्हणजे तीळ, से-रि-नो म्हणजे सेलरी, मि-ता म्हणजे पुदिना, आणि मा-रा-तु-वो. हा मा-रा-तु-वो म्हणजे आपली बडीशेप. या लिपीत त आणि थ वेगळे दाखवता येत नाहीत, त्यामुळे उच्चार 'माराथ्वोन' असा धरायचा. बघा, शब्दात एक 'व' आहे! अथेन्सच्या ग्रीकमध्ये तो नाही, कारण ॲटिक बोलीतून व हा आवाजच लिहित्या काळाच्या आधी गळून गेला. कोशातल्या ॲटिक 'माराथोन'वरून कितीही डोकं लढवलं असतं तरी तो व परत मिळाला नसता. हा हरवलेला व लक्षात ठेवा, तो पुढे परत भेटणार आहे.

प्रश्न: माझी गुलाबाची नर्सरी आहे. ऱ्होडोडेन्ड्रॉनमधला 'ऱ्होडो' म्हणजे ग्रीक गुलाब असं वाचलं. आपल्या 'गुलाब' शब्दाशी त्याचं काही नातं आहे का? कानाला तर अजिबात सारखं लागत नाही. (नाशिक)

ताई, नातं आहे, आणि चांगलं घट्ट आहे. कानाला लागत नाही कारण दोन्ही शब्द आपापल्या वाटेने खूप घासले गेलेत.

ॲटिकमध्ये गुलाब म्हणजे 'ऱ्होदोन'. आता लेस्बॉस बेटावर चला. इ.स.पू. 600 च्या आसपासची कवयित्री सॅफो तिथली, ती इऑलिक बोलीत लिहायची आणि तिच्या कवितेत गुलाब 'ब्रोदोन' असा येतो. होमर पहाटेला 'गुलाबी बोटांची' म्हणतो ते प्रसिद्ध आहे, सॅफोने तेच विशेषण उचलून चंद्राला लावलंय आणि तिथे तो शब्द 'ब्रोदो'ने सुरू होतो. हा ब कुठून आला? मुळात तिथे व होता, 'व्रोदोन', आणि र च्या आधीचा तो व लिहायला इऑलिक कवितेच्या हस्तलिखितांत ब वापरलाय. हा नुसता अंदाज नाही, पायलॉसच्या राजवाड्यात सुगंधी तेलाच्या हिशेबाच्या पाट्या मिळाल्यात आणि त्यांत तेलाला 'वो-दो-वे' म्हटलंय, म्हणजे गुलाबाच्या वासाचं. सॅफोच्या साधारण सहाशे वर्षं आधी व तिथे लिहिलेला आहे.

आता 'व्रोद-' हे रूप हातात धरून पूर्वेला बघा. आर्मेनियनमध्ये गुलाब 'वार्द', अरबीत 'वर्द', आणि दोन्हींचं मूळ जुन्या इराणी 'वृद'कडे जातं, ग्रीकनेही शब्द तिकडच्याच बाजूने घेतला असं मानतात. फारसीत या 'वृद'चं 'गुल' झालं. व चा ग कसा झाला म्हणाल तर फारसीत हे नियमाने होतं, संस्कृत 'वृक' म्हणजे लांडगा, त्याचा फारसी भाऊ 'गुर्ग'. तसंच 'वृद'चं 'गुल', आणि गुल अधिक आब म्हणजे पाणी, 'गुलाब', मूळ अर्थ गुलाबपाणी. फुलाला तो शब्द नंतर लागला. तेव्हा तुमच्या नर्सरीतला गुलाब आणि हिमालयातलं ऱ्होडोडेन्ड्रॉन यांच्या नावांत एकच जुना शब्द आहे, आणि तो जोडायला सॅफोचा ब्रोदोन लागतो, अथेन्सच्या ऱ्होदोनवरून हे नातं दिसत नाही.

प्रश्न: ऑलिव्हला ग्रीकमध्ये 'एलाइआ' म्हणतात म्हणे. मग लॅटिन 'ओलिवा'मध्ये व कुठून आला, रोमन लोकांनी घातला का? (बंगळुरू)

घातला नाही, राखला. मायसीनी पाट्यांत ऑलिव्ह 'ए-रा-वा' आहे (या लिपीत र आणि ल ला एकच चिन्ह), म्हणजे 'एलाइवा', आणि सायप्रसच्या बोलीत तेल 'एलाइवोन' असं व सकट बऱ्याच नंतरपर्यंत लिहिलं जात होतं. इटलीकडे शब्द गेला तो व शाबूत असलेल्या कुठल्या तरी ग्रीक बोलीतून. इ.स.पू. 7 व्या शतकातल्या एका एट्रुस्कन तेलाच्या बाटलीवरच्या लेखातही 'एलेइवाना' असं व सकट रूप आहे. अथेन्सने नंतर व टाकला, रोमकडे तो तसाच राहिला.

प्रश्न: नार्सिसस नावाचा सुंदर मुलगा स्वतःच्या प्रतिबिंबाच्या प्रेमात पडला आणि त्याचं फूल झालं, हायसिंथस थाळी लागून मेला त्याचं फूल झालं, डॅफ्नीचं झाड झालं. म्हणजे ग्रीक फुलांची नावं सगळी माणसांवरून पडलीत असं समजायचं का? (कोल्हापूर, अकरावी)

नाही, उलट समज. नाव आधीपासून होतं, अर्थ कुणाला लागत नव्हता, म्हणून गोष्ट रचली गेली. गोष्टी सुंदर आहेत, त्या वाचच, फक्त त्यांना व्युत्पत्ती समजू नकोस.

यातली कितीतरी नावं ग्रीकच नाहीत. ग्रीक बोलणारे लोक त्या भागात येण्याआधी तिथे दुसरे लोक राहत होते, त्यांची भाषा लिखित स्वरूपात आपल्याला वाचता येत नाही, पण शब्द उरलेत. 1896 साली पॉल क्रेचमर या विद्वानाने दाखवलं की ग्रीसमधल्या जागांच्या नावांत '-न्थ-' आणि '-स्स-' हे तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि ग्रीक व्याकरणाने त्यांचा उलगडा होत नाही, उदाहरणार्थ कोरिन्थोस, झाकिन्थोस, पार्नासोस, क्नोसोस. आता झाडं बघ: हियाकिन्थोस, तेरेबिन्थोस म्हणजे पिस्त्याच्या जातीचं झाड, एरेबिन्थोस म्हणजे हरभरा, मिन्थे म्हणजे पुदिना, किपारिसोस म्हणजे सायप्रेस नावाचं झाड, नार्किसोस. तेच तुकडे! नवीन मुलखात आलेला माणूस डोंगराचं आणि झाडाचं नाव तिथल्याच माणसाला विचारतो, त्यामुळे या दोन प्रकारच्या नावांत जुनी भाषा सगळ्यात जास्त टिकते.

नार्सिससबद्दल आणखी एक. प्लुटार्क म्हणतो की नाव 'नार्के' म्हणजे बधिरपणा यावरून आलं कारण फुलाने गुंगी येते. हेही नंतर जुळवलेलं वाटतं, त्यात शेवटच्या '-इसोस'चा हिशेबच लागत नाही.

हायसिंथसची जागा स्पार्टाजवळचं आमिक्लाय, तिथे त्याच्या नावाचा मोठा उत्सव व्हायचा. आणि क्रीटच्या डोरिक शिलालेखांत त्याच्यावरून पडलेल्या महिन्याचं नाव येतं ते 'बाकिन्थिओस' असं. परत ब, परत तोच हरवलेला व! म्हणजे मूळ नावाच्या सुरुवातीला व सारखा आवाज होता, बाकी ग्रीकांनी तो 'हिया' असा ऐकला आणि क्रीटच्या लोकांनी व असा ऐकला. परका शब्द दोन कानांनी दोन तऱ्हेने ऐकला की असंच होतं. (आपल्या नद्यांत पसरलेल्या जलपर्णीला इंग्रजीत वॉटर हायसिंथ म्हणतात, ती मात्र दक्षिण अमेरिकेतली, नाव फक्त फुलांच्या दिसण्यावरून दिलेलं.)

आणि डॅफ्नी, म्हणजे लॉरेल. ॲटिक 'दाफ्ने'. थेसलीच्या शिलालेखांत 'दाउख्ना'. पाम्फिलियातल्या (आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा) पेर्गे गावचे लोक 'लाफ्ने' म्हणायचे अशी नोंद हेसिकिओसच्या जुन्या कोशात आहे. लॅटिनमध्ये 'लाउरुस'. द आणि ल ची अदलाबदल, फ आणि उख ची अदलाबदल, असले बदल ग्रीकच्या स्वतःच्या नियमांत बसत नाहीत. एका परक्या शब्दाची चार ठिकाणी चार रूपं झाली, असंच म्हणावं लागतं. नदीच्या देवाची मुलगी पळता पळता झाड झाली ही कथा त्या 'दाफ्ने' या एका रूपावर उभी आहे, पेर्गेच्या बाईला ती सांगितली असती तर तिने विचारलं असतं, आमच्या लाफ्नेचं काय?

प्रश्न: कोथिंबीर आणि कोरिअँडर एकच शब्द आहे ना? आणि आपल्याकडून ग्रीकांकडे गेलेली मसाल्यांची नावं कुठली? (डोंबिवलीहून एक काकू, घरगुती मसाल्यांचा व्यवसाय)

काकू, पहिल्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण ते दोन वेगळे शब्द आहेत. ताडून बघायचं तर दोन्हीकडची जुन्यातली जुनी रूपं समोरासमोर ठेवायची. ग्रीककडे मायसीनी 'कोरियाद्नोन' सारखं रूप, ज्याचं ॲटिकमध्ये 'कोरिआन्नोन' झालं आणि 'कोरिअँड्रम' हे लॅटिन वळण त्यानंतरचं. आपल्याकडे संस्कृत 'कुस्तुम्बुरु', जो इतका जुना की पाणिनीने त्याच्यासाठी वेगळं सूत्र केलंय. त्याचंच पुढे कोथिंबीर. 'कोरियाद्नोन' आणि 'कुस्तुम्बुरु', यांच्यात पहिला क सोडला तर जुळतं काय? आणि ग्रीक शब्द 'कोरिस' म्हणजे ढेकूण यावरून आला कारण पानाला ढेकणासारखा वास येतो असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, तेही मागाहून जोडलेलं, मायसीनी रूपाची शेपटी 'आद्न' ही आरिआद्नी या क्रीटच्या राजकन्येच्या नावासारखी आहे आणि ती ग्रीकपूर्व भाषेकडे बोट दाखवते.

जिरं आणि तीळ यांची ग्रीक नावं, 'किमिनोन' आणि 'सेसामोन', ही पश्चिम आशियातली, अक्कादियनमध्ये जिऱ्याला 'कमूनु' आहे.

आपल्याकडून गेलेली मात्र भरपूर. 'पेपेरि' म्हणजे मिरी, मूळ आपली पिप्पली, वाटेत इराणी तोंडात ल चा र झाला. थिओफ्रास्टस हा अरिस्टॉटलचा शिष्य आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात दोन जातींची नोंद करतो, एक गोल आणि एक लांबट, लांबट ती तुमच्या डब्यातली लेंडी पिंपळीच असणार. 'झिंगिबेरिस' म्हणजे आलं, पालीत 'सिंगिवेर', आणि त्याच्याही मागे दक्षिणेतलं 'इंजि' आहे. 'कोस्तोस' म्हणजे कुष्ठ, 'नार्दोस' म्हणजे नलद.

सगळ्यात छान गंमत तमालपत्राची. ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी अनेकवचनाच्या आधी 'ता' हा शब्द लावतात, इंग्रजीतल्या 'द' सारखा. व्यापाऱ्याने 'तमालपत्र' ऐकलं आणि त्याला वाटलं, सुरुवातीचा 'त' म्हणजे आपलाच 'ता', मूळ वस्तू पुढची! म्हणून नाव झालं 'मालाबाथ्रोन'. इ.स. 1 ल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली, तिच्यात हा माल आहे आणि बंदरांत सोपारा आणि कल्याणही आहेत. कल्याण तर तुमच्या शेजारचंच. मात्र झाड कुणी पाहिलेलं नव्हतं, डायोस्कोरिडीस हा औषधांवर लिहिणारा वैद्य तर सांगतो की ही पानं भारतातल्या दलदलीत पाण्यावर तरंगतात आणि त्यांना मूळच नसतं.

प्रश्न: ग्रीक लोकांना एकमेकांची झाडांची नावं कळायची का? की दर गावी वेगळं नाव आणि गोंधळ? (पुणे, वनस्पतीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक)

सर, हा प्रश्न थिओफ्रास्टसला रोजच पडत असणार. त्याच्या ग्रंथात 'आर्केडियाचे लोक याला अमुक म्हणतात, इडा पर्वताकडचे तमुक' अशी वाक्यं पानोपानी आहेत. आर्केडियात ज्याला 'फेल्लोद्रिस' म्हणतात (शब्दशः बुचाचा ओक) त्याच झाडाला डोरिक लोक 'आरिआ' म्हणतात, असं तो नोंदवतो आणि लगेच सांगतो की ज्या भागात दुसरा कठीण ओक होत नाही तिथे गाडीकामाला हेच लाकूड घेतात. माहिती देणारे कोण, तर लाकूडतोडे, सुतार, मुळ्या गोळा करणारे. मला वाटतं त्याचं मोठेपण यातच आहे की त्याने एक नाव 'बरोबर' ठरवून बाकीची पुसून टाकली नाहीत. कदाचित तो स्वतः लेस्बॉसवरच्या एरेसोसचा, म्हणजे सॅफोच्या बोलीच्या मुलखातला होता म्हणूनही असेल. अथेन्समध्ये इतकी वर्षं काढून, तिथली मोठी शाळा चालवूनही त्याने भाव विचारताच बाजारातल्या एका म्हातारीने ओळखलं की हा बाहेरचा, असं सिसेरो सांगतो. ते त्याला लागलं, असंही सांगतो.

पण नावावरून खरंच भांडण झाल्याची गोष्ट हवी असेल तर ती डाळिंबाची. डाळिंबाला अथेन्समध्ये 'ऱ्होआ', बिओशियात म्हणजे थीब्झच्या मुलखात 'सिदा'. दोघांच्या सीमेवर सिदाय नावाचा भाग होता आणि तो कुणाचा यावर वाद लागला. थीब्झची बाजू मांडायला एपामिनोंडास उभा होता, तोच ज्याने स्पार्टाला हरवलं आणि इ.स.पू. 362 मध्ये मँटिनियाच्या लढाईत पडला. बोलता बोलता त्याने लपवून आणलेलं डाळिंब एकदम पुढे धरलं आणि अथेन्सवाल्यांना विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? ते म्हणाले, ऱ्होआ. तो म्हणाला, पण आम्ही सिदा म्हणतो. त्या भागात डाळिंबाची झाडं भरपूर, नाव त्यावरूनच पडलेलं, आणि ते नाव ज्यांच्या बोलीतलं जमीन त्यांची. तो जिंकला. अथेनायोस नावाच्या लेखकाने ही हकीकत जुन्या इतिहासकाराकडून उतरवून ठेवलीय. अक्षरशः अशीच घडली असेल की थोडी रंगवलेली असेल, पण बोलीतलं झाडाचं नाव पुरावा म्हणून चालू शकतं हे त्या लोकांना पटत होतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

याला एक पुरवणी आहे जी एपामिनोंडासने सांगितली नाही, आणि सांगितली असती तर त्याची बाजू जरा लंगडी पडली असती. अथेन्समध्ये फळ ऱ्होआ असलं तरी त्याच्या सालीला 'सिदिआ' म्हणायचे! ॲरिस्टोफनीसच्या इ.स.पू. 423 च्या 'ढग' नाटकात बाप आपल्या मुलाचं कौतुक करतो की हा एवढासा होता तेव्हा घरी मातीची घरं बांधायचा, बोटी कोरायचा आणि डाळिंबाच्या सालीचे बेडूक करायचा, काय हुशार! तिथे सालीला शब्द 'सिदिआ' आहे. म्हणजे शेजारच्या मुलखातला शब्द अथेन्सच्या घराघरात सालीपुरता नांदत होता. सालीचा उपयोग औषधाला, रंगाला, कातडं कमवायला, तेव्हा तो मालाबरोबर आला असावा असं मला वाटतं. आणि पाम्फिलियाच्या किनाऱ्यावर सिदे नावाचं शहरच आहे, त्याच्या नाण्यांवर डाळिंब.

प्रश्न: लॅटिनमध्ये सफरचंद 'मालुम', इटालियनमध्ये 'मेला', ग्रीकमध्ये 'मेलोन'. आ बरोबर की ए? (गोव्याहून)

दोन्ही बरोबर, बोली वेगळ्या. मूळ स्वर लांब आ होता. ॲटिक आणि इऑनिकने त्याचा ए केला, डोरिक आणि इऑलिकने आ ठेवला. दक्षिण इटलीत वसलेल्या ग्रीकांत डोरिक खूप, रोमन लोकांना 'मालोन' तिकडून मिळालं म्हणून 'मालुम'. 'मेला' मागाहून आलेल्या ए वाल्या रूपाची. सॅफोची एक ओळ आहे, उंच फांदीच्या अगदी टोकाला लाल झालेलं गोड सफरचंद, तोडणारे विसरले, छे, विसरले नाहीत, त्यांचा हात पोचला नाही. तिथेही 'ग्लिकिमालोन', आ सकट.

करडईचंही अगदी तसंच: ॲटिक 'क्नेकोस', मायसीनी पाट्यांत 'का-ना-को' म्हणजे 'क्नाकोस'. पाट्यांवर तिचे दोन प्रकार येतात, तांबडी वजनावर आणि पांढरी मापावर, म्हणजे पाकळ्या तोलून आणि बी मापून. सोलापूर-मराठवाड्यातल्या वाचकांनी दोन्ही पाहिलेलं असणार. संस्कृत 'कांचन' हा या 'क्नाकोस'चा नातेवाईक मानतात, दोन्हींत पिवळा रंग.

आणि तुम्ही गोव्याचे म्हणून एक खास. ग्रीकमध्ये 'मेलिमेलोन' म्हणजे मध-सफरचंद. त्याचं लॅटिनमार्फत पोर्तुगीजमध्ये 'मार्मेलो' झालं, अर्थ क्विन्स नावाचं फळ, आणि त्याच्या वडीला मार्मेलादा, तिथूनच इंग्रजी मार्मालेड. पोर्तुगीजांना इथे बेलफळ दिसलं तेव्हा ते त्यांना क्विन्ससारखं वाटलं आणि त्यांनी त्याला 'बंगालचे मार्मेलोस' म्हटलं, 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधी वनस्पतींवरच्या पुस्तकात हे नाव आहे. लिनिअसने ते शास्त्रीय नावात घेतलं. त्यामुळे आपण महादेवाला वाहतो त्या बेलाचं शास्त्रीय नाव आजही एगल मार्मेलोस. एगल ही ग्रीक कथेत सोन्याची सफरचंदं राखणारी एक अप्सरा. पुढचं अर्धं नाव सफरचंद राखणारीचं, मागचं अर्धं मध-सफरचंदाचं, आणि मधे बेल.

प्रश्न: मी संस्कृत एम.ए. करतेय, ग्रीक नुकतंच सुरू केलंय. एखाद्या झाडाच्या नावाची व्युत्पत्ती नेटवर वाचली तर ती खरी की खोटी कसं तपासायचं? (नागपूर)

आधी बघ की दिलेलं रूप कुठल्या बोलीतलं आणि कुठल्या काळातलं आहे. ते सांगितलेलंच नसेल तर पुढचं वाचताना सावध राहा. मग इतर बोलींतली रूपं काढ. मायसीनी पाट्यांत शब्द आहे का, सॅफो किंवा स्पार्टाचा कवी आल्कमान यांच्याकडे आहे का, शिलालेखांत आहे का, आणि हेसिकिओसच्या कोशात काय आहे. हेसिकिओस साधारण इ.स. 5 व्या-6 व्या शतकातला, त्याने 'अमुक गावचे लोक याला असं म्हणतात' अशा हजारो नोंदी केल्या, आणि तो सगळा कोश आपल्याकडे एका हस्तलिखितामुळे आलाय, ते व्हेनिसमध्ये आहे. रूपांतला फरक नेहमीच्या नियमाने सुटतो का ते बघ. आ चा ए, व चं गळणं, हे नियमाचे, तिथे शब्द जुना ग्रीक असू शकतो आणि मग संस्कृतमध्ये त्याचा भाऊ शोधायला अर्थ आहे. 'द्रिस' म्हणजे ओक घे, मायसीनी पाटीवर लाकूडतोड्या 'द्रु-तोमोस' आहे, हा 'द्रु' तुझ्या ओळखीचा, द्रुम, दारु, देवदार. पण दाफ्ने-दाउख्ना-लाफ्ने सारखा फरक असेल तर संस्कृत धातू शोधत बसू नकोस, कितीही मोह झाला तरी. बीकसचा 2010 चा व्युत्पत्तिकोश हाताशी ठेव, फक्त तो अडलेला शब्द जरा पटकन ग्रीकपूर्व ठरवून टाकतो, त्यामुळे शाँत्रेनचा फ्रेंच कोशही जोडीने बघत जा.

सरावाला अंजीर घे. ॲटिक 'सिकोन', बिओशियन 'तिकोन', आर्मेनियन 'थुझ', लॅटिन 'फिकुस', मायसीनी 'सु-झा'. ही पाच रूपं एका कागदावर लिही, कुठला फरक ग्रीकच्या नियमात बसतो आणि कुठला बसत नाही ते स्वतः ठरव, आणि मगच कोश उघड. काय निघालं ते मला कळव.